मंदीतला बिटकॉइन : उसळी ओळखायची कशी?

प्रश्न : दैनिक चार्टवर आरएसआय (भावाच्या चढउताराचा जोर ० ते १००मध्ये मोजणारा आकडा) ३०च्या खाली गेला की मी बिटकॉइन घेतो. तेजीत हे जमायचं, मंदीत मात्र घेतल्यावर भाव आणखी पडतो. चूक कुठे होते? (सांगली)

उत्तर : चूक ३०चा अर्थ लावण्यात आहे. आरएसआय १४ कँडलमधली (एक कँडल म्हणजे चार्टवर एका दिवसाची किंवा आठवड्याची भावाची हालचाल) सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तुलना करतो. तो ३०च्या खाली गेला की विक्रीचा जोर मोठा आहे एवढंच कळतं, तळ आला असं त्यातून निघत नाही. तेजीत हा आकडा साधारण ४० ते ८०मध्ये फिरतो, मंदीत तोच पट्टा २० ते ६०वर घसरतो. त्यामुळे मंदीत ३०ला खरेदी करण्यापेक्षा ६०जवळ विक्रीची तयारी ठेवावी.

२०२२चंच बघा. जूनमध्ये भाव १७,६०० डॉलरपर्यंत आला तेव्हा साप्ताहिक आरएसआयसुद्धा ३०च्या खाली होता. तरी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडाल्यावर भाव १५,५००पर्यंत उतरलाच. या खेपेला मात्र भावाने नवा नीचांक केला आणि साप्ताहिक आरएसआय जूनच्या नीचांकाच्या वरच थांबला. हा डायव्हर्जन्स. विक्रीचा जोर ओसरतोय, आता लक्ष ठेवा, इतकाच त्याचा अर्थ. खरेदीसाठी पुढच्या उत्तरातल्या कसोट्या लावा.

प्रश्न : तळापासून ४०-४५ टक्के वाढ झाली तर मंदी संपली असं धरावं का? (ठाणे)

उत्तर : नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. नोव्हेंबर २०२१मधल्या ६९,००० डॉलरवरून भाव जानेवारी २०२२मध्ये ३३,०००वर आला आणि मार्चअखेर ४८,२००ला पोहोचला. वाढ ४६ टक्के! पण ३६,०००च्या घसरणीतले १५,२००च भरून निघाले, म्हणजे ४२ टक्के. निम्मी घसरणही वसूल झाली नव्हती. शिवाय भाव जिथे अडला, तिथेच भावाची २०० दिवसांची सरासरी होती. तिथून तो जूनमध्ये १८,०००च्याही खाली गेला.

आमच्या मते तीन गोष्टी जुळायला हव्यात : २०० दिवसांच्या सरासरीवर निदान दोन आठवडे दैनिक क्लोज (दिवसाचा बंद भाव), मग भाव खाली आला तर त्याच सरासरीला आधार, आणि आधीच्या उसळीच्या टोकावर साप्ताहिक क्लोज. २०२३मध्ये हे क्रमाने घडलं. जानेवारीच्या मध्याला भाव सरासरीच्या वर गेला, १० मार्चला २०,०००च्या थोडा खाली येऊन त्याच सरासरीवरून उलटला आणि त्याच महिन्यात ऑगस्ट २०२२चं २५,२००चं टोक तुटलं. एवढं थांबल्यावर १५,५००चा भाव अर्थातच मिळत नाही. तो सोडून द्यावा, कारण तळ गाठायच्या नादात मार्च २०२२सारख्या उसळीत अडकणं कितीतरी महाग पडतं.

चार्टची मांडणीही तपासा. अनेक वर्षांचा चार्ट लॉग स्केलवरच (जिथे सारख्या टक्क्यांची हालचाल सारख्याच उंचीची दिसते) ठेवा, नाहीतर जुन्या घसरणी दिसतच नाहीत. पातळ्या डॉलरच्या चार्टवर आखा; रुपयाच्या भावात विनिमय दर आणि एक्स्चेंजचा प्रीमियम मिसळलेला असतो. दैनिक कँडल आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद होते, साप्ताहिक सोमवारी पहाटे साडेपाचला. रात्री अकराला सरासरी ओलांडलेली दिसली तरी सकाळी तिथे फक्त कँडलची वात, म्हणजे भाव तिथे जाऊन परत आल्याची बारीक रेघ, उरलेली असू शकते.

प्रश्न : हीच पद्धत छोट्या नाण्यांना लावता येईल? (नाशिक)

उत्तर : नाण्यांचा पुरवठा स्थिर असेल तरच. लुना हे नाणं एप्रिल २०२२मध्ये ११९ डॉलरला होतं. मे महिन्यात पुरवठा सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेला आणि प्रत्येक सपोर्ट (भावाला आधार मिळण्याची पातळी) निरर्थक ठरला. आधी पुरवठा आणि अनलॉकचं (राखून ठेवलेली नाणी बाजारात येण्याचं) वेळापत्रक बघा, रेषा नंतर ओढा.

प्रश्न : मंदीत ट्रेड घ्यायचाच झाला तर किती रकमेचा? (पुणे)

उत्तर : भांडवल १ लाख असेल तर एका ट्रेडमध्ये १,०००पेक्षा जास्त बुडू देऊ नका. खरेदी २०,००० डॉलरला आणि स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव) १८,४००ला, म्हणजे ८ टक्के खाली, असेल तर रक्कम येते १,००० भागिले ०.०८, म्हणजे १२,५०० रुपये. स्टॉपलॉस १८,०००सारख्या गोल आकड्यावर लावू नका, तिथे सगळ्यांचेच स्टॉप साचतात. सपोर्टच्या खाली एक एटीआर (भावाच्या चढउताराची सरासरी व्याप्ती) सोडून लावा.

भारतात करही हिशेबात धरा. नफ्यावर ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस, आणि एका ट्रेडचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात २०,००० मिळाले आणि दुसऱ्यात २०,००० गेले, तरी ६,२४० रुपये भरावेच लागतात. विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो : पूर्ण भांडवलाने दहा वेळा घेतलं-विकलं तर साडेनऊ टक्क्यांच्या वर रक्कम तिथेच. त्यामुळे मंदीत दर उसळीला आत-बाहेर करणारी पद्धत चार्टवर नफ्यात दिसली, तरी हातात तोटाच येऊ शकतो.