किल्ले-लेणी आणि वाघ, दोन्ही पाहायचंय. देश फिरायला सुरुवात कुठून करावी?

आई-वडील आणि सहावीतली मुलगी बरोबर आहे, इतिहासही हवा आणि जंगलही, असं तुम्ही लिहिलंय. मग काश्मीर ते कन्याकुमारी अशा खुणा करत बसू नका, निम्मी सुट्टी प्रवासातच जाईल. ही दोन्ही जिथे एकमेकांना लागून आहेत असा एकच पट्टा धरा. माझं मत विचाराल तर मध्य प्रदेश.

भोपाळहून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे, म्हणजे आदिमानवाने रंगवलेल्या चित्रांच्या खडकगुहा, तेही रातापानीच्या जंगलात. रेल्वेतून जाताना हे खडक नजरेला पडले आणि १९५७ साली पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर माग काढत इथे पोहोचले. उज्जैनचा मराठी माणूस, हे मुलीला आवर्जून सांगा. एका खडकावरच्या चित्रात शिंगं असलेलं रानडुकरासारखं अवाढव्य जनावर एवढ्याशा माणसामागे धावतंय. लहान मुलं तिथून हलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांची. स्तूप सगळेच बघतात. तुम्ही तोरणांवरची, म्हणजे दगडी प्रवेशद्वारांवरची, शिल्पं सावकाश बघा.

खरी मजा मात्र खजुराहो-पन्ना जोडीत. खजुराहोपासून पन्ना व्याघ्रप्रकल्पाचं मडला गेट तासाभराच्या आत येतं, त्यामुळे सकाळी सफारी आणि दुपारनंतर देवळं सहज जमतं. २००९ साली पन्नात एकही वाघ उरला नव्हता. मग कान्हा, बांधवगडहून वाघिणी आणल्या, पेंचहून एक नर आणला. हा पठ्ठ्या आपल्या जुन्या जंगलाच्या दिशेने चालू लागला, त्याला मागे फिरवून आणावं लागलं! आज तिथे दिसणारे वाघ याच पुनर्वसनातून वाढलेत. वाघ नाहीच दिसला तरी केन नदी आहे.

देवळांत कंदारिया महादेव चुकवणार नाहीच कुणी. पण गर्दी टाळून संध्याकाळी चतुर्भुज मंदिराला जा. ते पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यातल्या उंच मूर्तीवर पडतं. आई-वडिलांबरोबर खजुराहोची कामशिल्पं बघायचा संकोच वाटत असेल, तर त्या देवळात तोही प्रश्न नाही.

आता वेळापत्रक. आधी सफारीचं बुकिंग, बाकी सगळं त्याभोवती बसवा. कोअर क्षेत्र (जंगलाचा आतला, राखीव गाभा) जुलै ते सप्टेंबर बंद असतं आणि मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची सफारी नसते. पुढेमागे ताजमहाल (शुक्रवारी बंद), अजिंठा (सोमवारी) किंवा वेरूळ (मंगळवारी) जोडणार असाल तर वार आधीच तपासा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता जास्त, हे खरंय. पण चपला काढून खजुराहोच्या तापलेल्या दगडावर वडीलधाऱ्यांना चालवणार आहात का? नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. पहाटेची उघडी जिप्सी हाडं गोठवते, म्हणून कानटोपी आणि जाड शाल हवीच. जिप्सीत मागची सीट सगळ्यात जास्त आपटते, तिथे तुम्ही बसा आणि आई-वडिलांना मधली द्या. आणि ज्या ओळखपत्रावर परमिट काढाल तेच मूळ कार्ड जवळ ठेवा, गेटवर झेरॉक्सवर भागत नाही.