गोठ्याच्या भिंतीवरच्या रेघा

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचे बाबा यंदा पेरणीच्या तोंडावर गेले, 74 वर्षांचे होते. आधी 18 वर्षं लोकाच्या घरी सालदारकी केली, मग पै पै जोडून पाच एकर वावर घेतलं, आम्हाले शिकवलं. स्वतः शाळेची पायरी नाही चढले, कापसाचा सगळा हिशेब गोठ्याच्या भितीवर कोळशानं रेघा मारून ठेवायचे. कुठं मोठी रेघ, कुठं बारीक, कुठं कुंकवाचा ठिपका. आम्हाले त्यातलं काहीच समजत नाही. आता भाऊ म्हणते मातीची भित पाडू, टिनाचा गोठा बांधू, बैलजोडीही विकून टाकू, ट्रॅक्टर आहेच. भित पावसानं फुगली हे खरं आहे, पण मन होत नाही. अन माझा पोरगा 8 वर्षांचा, त्याच्यासाठी त्याच्या आबाजीनं, म्हणजे आमच्या बाबांनी, सागवानाचा नंदी केला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात तो तान्हा पोळा, पोरगा म्हणते मी त्याले जाईनच, घरचे म्हणतात वर्षभर सण नाही. रोज रात्री आबाजीची गोष्ट सांग म्हणते, मी म्हणतो आबाजी लय मेहनती होते, याच्यापुढं तोंडातून काही निघतच नाही. काय करू?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दादा, "मेहनती होते" हे तर तेरवीच्या पत्रिकेवरही छापतात, पोराले त्याच्यात आबाजी कसा सापडणार? माझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, आता डोळे मिटले की एकच दिसतं, वावरातून आले की पायरीवर बसून खुरपीनं पायाचा चिखल खरडायचे, अन नेहमी आधी डावा पाय. का ते कधी विचारलं नाही. सांगायचं म्हणजे, असलंच काहीतरी सांगा पोराले. चहा बशीत ओतायचे की कपानंच प्यायचे, बैल हाकायची तुतारी कुठं खोचून ठेवायचे, बैल बसला तर त्याले शिवी द्यायचे की पाठ थोपटायचे. रागीट असतील तर तेही सांगा, लपवू नका, पोरांना बरोबर कळतं आपण काय गाळलं ते.

आता भिंत. तुम्ही लिहिता "आम्हाले समजत नाही", पण आईले विचारलं का? अहो, ज्या बाईनं वेचणीचं गाठोडं डोक्यावर आणून त्याच गोठ्यात टाकलं, तिच्यासमोरच मारल्या असतील ना त्या रेघा! तुमच्या पत्रात आईचं नावच नाही हे मला जरा खटकलं. एखाद्या दुपारी तिला भिंतीपुढं खाट टाकून बसवा, मोबाईलवर व्हिडिओ सुरू करा, पोराले रेघेवर बोट ठेवायले सांगा अन आजीला विचारू द्या, हे काय, ते काय. माझा अंदाज, कुंकवाचा ठिपका शीतादहीचा असेल, पहिल्या वेचणीच्या आधी वावरात दहीभात ठेवून पूजा करतात ना, तिथून हिशेब सुरू होत असेल. चुकलाही असेल माझा अंदाज, आजी सांगेलच. 1972 ले कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलेच विकायचा, तेव्हा बाबा विशीतले असतील, खरेदी केंद्रावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग, रात्र गाडीखालीच काढायची, भाकरी बांधून न्यायची, हेही काढा विषयात, सालदार असताना मालकाची गाडी घेऊन तेच गेले असतील. एकदम सगळं निघणार नाही, दोनतीन बैठका लागतील, मध्येच रडतीलही, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवा.

एवढं झालं की भिंत पाडा. फुगलेली भिंत ढोरांच्या अंगावर आली तर काय करणार? जवळून उजेडात फोटो मात्र काढून घ्या, एक मोठा करून आईच्या खोलीत लावा, तो हारातला फोटो आहेच, हाही राहू द्या.

बैलांचं तुम्ही दोघं भाऊ ठरवा, दोन बैलांचा वर्षाचा कडबा-कुटार काय लागतो हे मला सांगायची गरज नाही. पण पोळ्याच्या आत नका विकू एवढंच म्हणीन. अन सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली असेल तर मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो, त्यात आईचं नाव पाहिजे अन बहीण असेल तर तिचंही, हे भावाले आत्ताच सांगून ठेवा, मग कुरबुर नको.

राहिला पोळा. वर्ष पाळायचं तर पाळा, पुरणपोळी नका करू, मठाट्या-बेगड लावून बैल नका सजवू, तोरणाखाली वाजतगाजत नका नेऊ. पण आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे ते शेकाच, हळद-तूप लावून, पळसाच्या पानानं, बाबा करायचे तसं, अन "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" हे यंदा तुम्ही म्हणा. बैलाले कसलं आलं सुतक! अन तान्हा पोळा तर लेकरांचाच, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी नागपुरात सुरू केला म्हणतात तोही लेकरांसाठीच. मोठ्यांना पटत नसेल तर आईला विचारा, तिचा नवरा गेलाय, तिनं हो म्हटलं की बाकीच्यांनी गप्प बसावं. पोरगा चार घरी नंदी घेऊन जाईल, बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, घेईल, कोणी म्हणेल "हा तं तुह्या आबाजीच्या हातचा रे", अन त्या घरची एखादी गोष्ट त्याले आयती मिळेल, जी तुम्हालाही माहीत नसेल.

नंदीच्या चाकांच्या खिळा एकदा पाहून घ्या, ढिल्या असतील तर ठोका. रंग उडाला असला तरी नवा नका देऊ.