इंग्रजीतला स्वल्पविराम आणि मराठी कान

प्रश्न : मी एका खासगी कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळते. वाचताना जिथे थांबावेसे वाटते तिथे स्वल्पविराम देते. साहेब मात्र त्यांतले निम्मे खोडतात आणि कारण सांगत नाहीत. नेमका नियम काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : थांबण्यावर विसंबणे हेच बहुधा आपल्या अडचणीचे मूळ आहे. विरामचिन्हे मराठीत आली ती इंग्रजीतून, आणि ती येथे रुजवण्याचे श्रेय आपल्याच पुण्यात दीर्घकाळ काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पण चिन्ह जरी तेच असले, तरी ते वापरण्याची रीत मराठीने आपल्या वाक्यरचनेप्रमाणे ठरवली. 'जे कर्मचारी उशिरा आले, त्यांना आत घेतले नाही' या वाक्यातला स्वल्पविराम योग्यच आहे. तीच सवय इंग्रजीत उतरली की 'द एम्प्लॉयीज हू केम लेट, वेअर नॉट लेट इन' असे वाक्य होते, आणि ते चूक ठरते. कारण तेथे 'केम लेट'पर्यंतचा सगळा भाग हा एकच कर्ता आहे आणि कर्ता कितीही लांबला तरी तो व त्याचे क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही.

'हू'च्या आधी दुसरा स्वल्पविराम दिल्यास व्याकरण सुधारते, पण अर्थ बदलतो : आता सगळेच कर्मचारी उशिरा आले आणि एकालाही आत घेतले नाही. म्हणून उपवाक्य झाकून पाहावे. कोणाबद्दल बोलणे चालले आहे हे तरीही नेमके कळत असेल तर स्वल्पविरामांची जोडी द्यावी, नाहीतर एकही देऊ नये.

'पाऊस आला, आम्ही परतलो' हे मराठीत खपते. इंग्रजीत अशा दोन पूर्ण वाक्यांमध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासह 'सो', 'अँड' यांसारखे अव्यय लागते.

यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'पूर्वीच्या स्वल्पविरामाबद्दल इंग्रजांतच एकमत नाही. मी तो देण्याच्या बाजूचा आहे. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम मिळत नाही त्यांच्या यादीत तो नव्हता, त्यामुळे 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' हे एक काम की दोन, असा वाद एका दुग्धालयाच्या वाहनचालकांनी न्यायालयात नेला. २०१७ मध्ये निकाल चालकांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. विधिमंडळाने दरम्यान त्या यादीत अर्धविराम घातले होते.