दोनशे मोदक आणि शेवटची पंगत

प्रश्न : माझ्या आजेसासूबाई सांगतात, त्यांच्या कोकणातल्या घरी गणपतीत चाळीस माणसं जेवायची. गॅस नाही, मिक्सर नाही, मग एवढे मोदक व्हायचे कसे? आठ माणसांचे करतानाच आम्ही दोघी दमून जातो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बरोबर सांगतात त्या. आमचं घर राजापूर तालुक्यातलं, आणि मला आठवतंय ते १९६५च्या आसपासचं. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली १९९८ साली. त्याआधी मुंबईचे काका-आत्या रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून यायचे आणि पुढे चिखलातून घर गाठायचे. चतुर्थीला अडतीस-चाळीस पानं ठरलेली.

पण मोदक काही एका सकाळी होत नसत. तांदूळ आधीच धुऊन सावलीत वाळवायचे, जात्यावर दळून वस्त्रगाळ करायचे. नारळ काका सोलून देत, खोवायचे आम्ही मुलींनी. मोदकांनाच दहा-बारा नारळ लागत. भाद्रपदात लाकडं ओली, म्हणून जळणाला माळ्यावर करवंट्या आणि सोडणं, म्हणजे नारळाची सुकी सालं, राखून ठेवलेली असायची.

खरी कसोटी उकडीची. ती गरम असतानाच मळायची, हात पाण्यातेलात बुडवत. आजी एक गोळी बोटांनी दाबून बघायची. कडेला चीर दिसली की नुसतं म्हणायची, "परत मळा." मग सहा-सात जणी गोल बसायच्या, कुणी पारी करतेय, कुणी सारण भरतेय, कळ्या मात्र मोठ्या काकूच्याच. तुम्ही दमता, कारण सहा-सात जणींचं काम दोघी करता. घरातल्या पुरुषांना नारळ खोवायला बसवा, खरंच सांगते.

एक गोष्ट मात्र मला आजही सलते. पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि बायका जेवायच्या दुपारी चारला. आमटी तोवर तळाला गेलेली. मोदक मात्र असायचे, कारण नैवेद्याचे एकवीस काढले की आजी लगेच बायकांचे मोजून हळदीच्या पानांखाली झाकून ठेवायची. एकदा पंगतीत आग्रह रंगला आणि धाकट्या काकांनी त्यातले मागितले. आजी वाढता वाढता थांबली. "ते नाही मिळायचे. पोरी पहाटेपासून चुलीशी आहेत."

तुमच्या आजेसासूबाईंना विचारा, त्यांच्या घरी शेवटच्या पंगतीला किती मोदक उरायचे.