सांगलीत नवा आलास? आधी हे ऐक

भावा, काम शोधायला आलोय आणि खिशात महिनाभराचे पैसे आहेत म्हणतोस, म्हणजे बरं चाललंय. मी आलो तेव्हा आठवड्याचेही नव्हते.

आधी काम, मग खोली. बहुतेकजण उलटं करतात. गाववाल्याच्या शेजारी खोली घेतात, काम लागतं कुपवाड एमआयडीसीत, आणि रोजचे पैसे वडापला, म्हणजे शेअर रिक्षा-जीपला जातात. पहिले पंधरा दिवस कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन काढ.

कामासाठी कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन विचार. हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातही हात लागतात. "काम लावतो, आधी पैसे दे" म्हणणाऱ्याला हात जोड. मी दोन हजार देऊन बसलो होतो. माणूस परत दिसला नाही. ठेकेदार पीएफ कापत असेल तर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, मागून घे. मूळ आधार कार्ड कुणाकडेच ठेवायचं नाही.

आता खोली. सांगलीत भाडं फारच कमी सांगितलं की नदी किती लांब ते बघ. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागात घेणार असलास तर वरचा मजला बघ. घरमालक गोड बोलतो. शेजारच्या मावशींना विचार, पाणी कुठवर आलेलं ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

लाइटबिल वेगळं का, नळ किती वाजता, डिपॉझिटची पावती: एवढं विचारूनच पैसे दे.

आणि गावचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं असेल तर धान्य इथल्या दुकानातही मिळतं. ते सोडू नकोस.