घातलास तर काढायचा नाही

चि. पैलवान यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप दोनदा ऐकला. दुसऱ्या वेळी काकूही शेजारी होती. "पोरगं गोंधळलंय, जरा सबुरीनं घ्या," म्हणाली. फोनवर मला सबुरी जमत नाही, आवाज चढतो, म्हणून कागद घेतला.

तुझ्या बोलण्यातलं मला कळलं ते असं. त्या फ्रीस्टाइलवाल्या कंपनीनं तुला निवडलंय. पैसे जत्रेतल्या इनामापेक्षा बरे आहेत आणि महिन्याच्या महिन्याला आहेत. अट एकच, मुखवटा घालून उतरायचं. तालमीत पोरं चेष्टा करतात. आई म्हणते, एवढं दूध-बदाम घालून वाढवला तो तोंड झाकून हिंडायला काय? आणि तुझं स्वतःचं दुखणं म्हणजे कान. मातीत घासून घासून मोडलेले कान. एसटीत कंडक्टरसुद्धा ते बघून 'पैलवान, पुढं सरका' म्हणतो, आणि तेच आता मुखवट्याखाली जाणार. हे दुखणं मला कळतं. माझेही मोडलेले आहेत, आणि अजून आरशात मी आधी तेच बघतो.

इथवर ठीक होतं. मग तू ती मधली वाट सांगितलीस. सहा महिने मुखवटा घालायचा, नाव झालं की भर रिंगणात काढायचा, त्याचं रील टाकायचं. फेस रिव्हील. तिथं माझी सबुरी संपली.

मुखवटा घालायचा नसेल तर घालू नकोस. लाल माती आहे, मॅट आहे, पोलीस भरती आहे. कुणी तुला नावं ठेवणार नाही. पण घातलास तर काढायचा नाही.

ती कुस्ती खरी की नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेली, या वादात मी पडणार नाही. दारासिंग आणि किंगकाँग मुंबईत वल्लभभाई पटेल स्टेडियमवर भिडायचे तेव्हाही लोकांना काय चाललंय ते कळत होतं, आणि तरी गर्दी लोटायची. वरून खाली आपटलेला माणूस खराच आपटतो, एवढं मला पुरतं. कंबर सांभाळ.

अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीच्या कंपनीतला मुखवटेवाला पैलवान 'रे मिस्टेरियो' तुला ठाऊक आहे, शाळेत असताना पैलवानांच्या पत्त्यांतलं त्याचं ट्रम्प कार्ड तू कुणाला द्यायचा नाहीस. पण तो मेक्सिकोच्या ज्या परंपरेतून आला तिचा मोठा माणूस तुला ठाऊक नाही. मी मेक्सिकोला गेलेलो नाही. मला जे माहीत आहे ते वाचून, आणि रात्री नातवाच्या लॅपटॉपवर जुन्या कुस्त्या बघून. तरी या माणसाबद्दल मी तुला सांगणारच.

इदाल्गो राज्यातल्या तुलानसिंगो गावात २३ सप्टेंबर १९१७ ला रोदोल्फो गुझमान जन्मला. घर पुढं मेक्सिको सिटीत आलं, भाऊ कुस्तीत होते, हाही उतरला. आधी रूडी गुझमान या नावानं लढला, काही झालं नाही. मग 'लाल माणूस' झाला. मग 'काळा राक्षस' झाला. मग 'वटवाघूळ दुसरा' झाला, तर पहिल्या वटवाघळानं कुस्ती आयोगाकडे तक्रार केली आणि तेही नाव गेलं. चोविसाव्या वर्षापर्यंत चार नावं वापरून झाली होती आणि धड एकही लोकांच्या तोंडी बसलं नव्हतं. तू बावीसचा आहेस आणि आपलं वय निघून चाललंय म्हणून रडतोस.

मग हेसुस लोमेली नावाच्या माणसाला चंदेरी पोशाखातल्या पैलवानांचा एक गट बांधायचा होता. त्यानं नावं पुढं केली: संत, सैतान, देवदूत. यानं संत उचललं, एल सांतो. १९४२ मध्ये तो चंदेरी मुखवटा घालून पहिल्यांदा रिंगणात आला, आणि नाव संताचं असून लढला गुंडासारखा. तिकडे पैलवानांचे दोन पंथ आहेत. नेमानं लढणारे ते तेक्निको, आणि पंचाची पाठ फिरली की डोळ्यात बोट घालणारे ते रूदो. हा संत वीसेक वर्षं रूदो होता. लोक शिव्या घालायला तिकीट काढून यायचे. १९५२ मध्ये त्याच्यावर चित्रकथांचं साप्ताहिक निघालं, पोरं ते वाचायला लागली, पुढं पन्नासहून जास्त सिनेमे आले, आणि साठीच्या दशकात तो नेमावर आला. मुखवटा तोच राहिला.

आता पुढचं नीट वाच. मेक्सिकोत मुखवटा पैजेला लावतात. मुखवट्याविरुद्ध मुखवटा, किंवा एकाचा मुखवटा आणि दुसऱ्याचे डोक्यावरचे केस. जो हरेल त्यानं तिथंच, सगळ्यांच्या देखत मुखवटा उतरवायचा आणि खरं नाव, गाव सांगायचं. ७ नोव्हेंबर १९५२ ला सांतोनं ब्लॅक शॅडो नावाच्या पैलवानाचा मुखवटा असा घेतला. ब्लॅक शॅडोचा जोडीदार होता ब्लू डेमन. दोघं भाऊ म्हणून लढायचे, दोघंही रूदो. जोडीदाराचं तोंड उघडं पडलेलं त्याला सोसवलं नाही, तो पंथ बदलून तेक्निको झाला, सांतोच्या मागं लागला आणि १९५३ मध्ये वेल्टरवेट या वजनगटाचा जागतिक किताब त्याच्याकडून घेतला. पुढं सिनेमात दोघं दोस्त म्हणून दिसले, प्रत्यक्षात फारसं सख्य नव्हतं. हा ब्लू डेमन २००० मध्ये वारला, त्याला निळ्या मुखवट्यासकट पुरलं. त्यानं लोकांना तोंड दाखवलं नाही ते नाहीच.

मुखवट्याला ही किंमत कशानं आली? कापडानं नाही. मुळात तो तिकडचा जुना देवधर्मही नव्हे. १९३३ मध्ये साल्वादोर लुतेरोथनं कुस्तीची कंपनी काढली, १९३४ मध्ये एका अमेरिकन पैलवानाला मुखवटा हवा होता, आणि तो शिवला अंतोनियो मार्तिनेस नावाच्या मोच्यानं. कातडं कापून, तुकडे जोडून, मागं लेस बांधून. ती मागची लेस आजही आहे. तुलाही लढताना पहिल्यांदा तीच त्रास देणार, गाठ मानेच्या खाचेत येऊ देऊ नकोस. तर अशी ही मोच्याकडची वस्तू. तिला इज्जत आली ती एवढ्यानं, की कुणी ती आपल्या हातानं फुकट काढली नाही. हिसकावून घ्यावी लागली. जी वस्तू तू सहा महिन्यांनी रीलसाठी काढणार आहेस ती हिसकावायला कोण कशाला येईल? तुझ्यासमोरच्या पैलवानाला तू पहिल्याच दिवसापासून हरवलेलं असशील, पण चुकीच्या अर्थानं. त्याच्या हाताला लागण्याजोगं तुझ्याकडे काही उरणारच नाही.

सांतो जेवायचा मुखवट्यात, त्यासाठी हनुवटी मोकळी सोडलेला वेगळा मुखवटा होता. परदेशात चित्रीकरण झालं की कस्टम्समध्ये तोंड दाखवावं लागायचं, म्हणून सिनेमाच्या मंडळींपेक्षा वेगळ्या विमानानं यायचा. बरोबर काम करणाऱ्यांनीही बघू नये म्हणून! तुला सहा महिने कळ काढवत नाही.

तू हुशार आहेस, उलट बोलशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. 'अण्णा, सांतोनंही काढलाच की.' काढला. जानेवारी १९८४ मध्ये टीव्हीवर त्यानं मुखवटा थोडा वर सरकवला, तोंड अर्धंमुर्धं दिसलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ फेब्रुवारीला, हृदयविकाराच्या झटक्यानं गेला, आणि मुखवट्यासकटच पुरला गेला. मला ते सरकवणं आवडलेलं नाही. तुला खरं सांगतो, ती चित्रफीत मी आजवर पुरी बघितलेली नाही. पण एकेचाळीस वर्षांनंतर, रिंगणातून निवृत्त झाल्यावर, म्हाताऱ्या माणसानं काय केलं ते बावीस वर्षांच्या पोरानं आपल्या सोयीला वापरू नये.

दुसरं तू जपानचं काढशील. मिसावा नावाच्या पैलवानानं १९९० मध्ये 'टायगर मास्क' या नावाचा मुखवटा चालू कुस्तीत स्वतःहून काढला आणि महिन्याभरात जम्बो त्सुरुता या नामांकित पैलवानाला हरवून मोठा झाला. बरोबर आहे. मिसावा होणार असशील तर काढ बाबा. पण एक बघ, तो मुखवटा त्याचा नव्हताच, आधी सायामा नावाच्या पैलवानाचा होता. दुसऱ्याचं घर त्यानं सोडलं. तू स्वतःचं पाडायला निघालायस.

आणि मिस्टेरियो. १९९९ मध्ये त्याच्या कंपनीनं त्याला मुखवटा हरायला लावलं, त्याच्या मनात नसताना. २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत आला तो परत मुखवटा घालून. तुझ्या ट्रम्प कार्डावर कुठलं तोंड होतं, आठव.

आता माझं. तुला माझ्याबद्दल ठाऊक आहे ते एवढंच की गुडघा गेला, तालीम सुटली आणि कारकुनी करून निवृत्त झालो. मधलं थोडं गाळलेलं आहे. एका जिल्हा दैनिकात रविवारी कुस्तीवर सदर यायचं, टोपणनावानं. ते मी लिहायचो. कुठलं दैनिक, कुठलं टोपणनाव, विचारू नकोस, तुलाही सांगणार नाही. ठरवून लावलेल्या जोड्या, पंचांचे घोळ, इनामातून पैसे कापणाऱ्या जत्रा कमिट्या, सगळं त्यात आलं. खऱ्या नावानं लिहिलं असतं तर तिसऱ्या रविवारी कुणाचा तरी सोयरा दारात येऊन बसला असता आणि चौथ्या रविवारी मी पाककृती लिहिल्या असत्या.

सदराचा सत्कार ठरला तेव्हा लेखक पुढं येईना. आपल्याच वर्तुळातल्या एका गृहस्थानं मग शाल-श्रीफळ घेतलं. तो खोटं बोलला नाही, नुसता हसला, आणि तोच लेखक असं लोक धरून चालले. मी तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवल्या. काकू त्यावरून अजून बोलते. बोलू दे.

पण वस्ताद. वस्तादांना वाचता येत नव्हतं, ते कुणाकडून तरी ते सदर वाचून घ्यायचे आणि मला समोर बसवून ऐकवायचे. "तू मातीला पाठ दाखवलीस. हा बघ, कोण आहे कोण जाणे, पण मातीचा माणूस आहे." हे मी कितीदा तरी ऐकलंय, मान खाली घालून. ते गेले, तोवर सांगितलं नाही. रात्री कधी वाटतं, एका माणसाला सांगून काय बिघडणार होतं? सकाळी वाटत नाही. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारपासून त्यांनी ते आपल्या पठ्ठ्याचं म्हणून ऐकलं असतं. त्यांच्या दोस्ताच्या तालमीला मी सदरात झोडपलं तेव्हा मला बोलावून 'एवढं गाळ' म्हणाले असते, आणि वस्तादांनी सांगितलं म्हणजे मी गाळलं असतं. मग त्या सदरात राहिलं काय? नाही, बरोबरच केलं. घातला होता, काढायचा नव्हता. तू म्हणशील अण्णा स्वतःचीच समजूत घालतायत. घालत असेन. तुझं वय झालं की तूही घालशील, तेव्हा समजूत घालण्याजोगं काहीतरी केलेलं असावं म्हणून तर हे लिहितोय.

आता व्यवहाराचं, कारण यात तू कच्चा आहेस. कराराचा कागद सही करण्याआधी मला दाखव. मुखवटा आणि नाव कुणाच्या मालकीचं ते त्यात शोध. २०११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं मेक्सिकोतला मिस्तिको हा गाजलेला पैलवान आणला आणि त्याला सिन कारा हे नवं नाव दिलं. पुढं तो गेला, मुखवटा कंपनीकडेच राहिला आणि दुसऱ्याच्या तोंडावर चढला. परत जावं तर मेक्सिकोत मिस्तिको हे नावही तोवर दुसऱ्या माणसाला देऊन झालं होतं. म्हणून विचार: मी सोडलं तर नाव माझ्याबरोबर येणार की नाही? माझ्या मनाविरुद्ध मुखवटा हरवायला लावणार का? हाड मोडलं तर दवाखाना कोण भरणार? उत्तर लेखी घे. तोंडी 'बघू की' म्हणाले तर उठून ये. मुखवटे दोन माग, घामानं भिजलेला दुसऱ्या दिवशी तोंडावर चढत नाही.

कानाचं म्हणशील तर ते कुठं जात नाहीत. पहाटे जोर मारायला तालमीत यायचंच आहे, तिथं मुखवटा नसतो.

आईला मंगळवारी इकडं पाठव, मी आणि काकू बोलतो तिच्याशी. तिला पगाराचा आकडा खरा सांग, वाढवून सांगू नकोस. आणि ते इन्स्टाग्राम आज रात्रीच बंद कर. सगळ्या जगाला तोंड पाठ झाल्यावर तू झाकणार काय?

तुझा,
अण्णा