कोरोना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आईची धास्ती का जात नाही?

आई अजून रोज ऑक्सिमीटर लावते, कुणी खोकलं की उठून जाते, असं तुम्ही लिहिलंय. हा वेडेपणा नाही हो. एप्रिल २०२१ मध्ये बेड मिळेना, ऑक्सिजन मिळेना. आमच्याकडेही बाबांच्या बोटावरच्या त्या यंत्रात ९४ चे ९३ झाले की सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. अशी मुरलेली भीती "आता काही नाही" म्हटल्याने निघत नाही. तेव्हा कोण गेलं, कुणाचं शेवटचं दर्शनही झालं नाही, ते त्यांना बोलू द्या. मध्येच समजूत घालू नका. ऑक्सिमीटर काढून घेऊ नका, हळूहळू दिवसातून एकदाच लावायचं ठरवा. झोप-जेवण बिघडलं असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवरून मदत, २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.